जत्रा कधी आहे? कोकणातल्या जत्रा, शिमगा आणि गणपती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं आणि सासर मालवण तालुक्यातलं. अंगणात पालखी नाचताना बघत मोठी झाले आणि लग्नानंतर दशावतारासाठी रात्र जागवायला शिकले. दिवाळी सरली की मुंबई-पुण्याहून फोन सुरू होतात. भाचे, नणंदेच्या मैत्रिणी, त्यांच्या ऑफिसातले लोक, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. जे पाहिलं, केलं आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकलं, तेवढंच यात आहे.

कोकणात जत्रांचा हंगाम कधी असतो?

भात कापून, झोडून घरात आलं की. तुळशीचं लग्न लागतं, त्रिपुरारी पौर्णिमा होते, देवदिवाळी येते आणि सिंधुदुर्गात गावोगावच्या देवळांत जत्रा सुरू होतात. त्या पार माघापर्यंत चालतात. आज या गावात, उद्या पलीकडच्या. मग महाशिवरात्र, लगोलग शिमगा. चैत्रात रामनवमी आणि हनुमान जयंतीचे उत्सव झाले की माणसं पुन्हा शेताच्या भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, लागतात. पावसाळ्यात नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमीचा दहीकाला आणि गणपती.

तारखा इंग्रजी कॅलेंडरवर दरवर्षी सरकतात, कारण बहुतेक सण तिथीवर आहेत. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला गेली. मार्लेश्वरची जत्रा मात्र मकरसंक्रांतीची, त्यामुळे ती जानेवारीच्या मध्यालाच.

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आधी का सांगत नाहीत?

सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच. उत्तर असं, की ती कुणाला ठाऊकच नसते. आंगणेवाडी म्हणजे मालवण तालुक्यातल्या मसुरे गावची एक वाडी. तिथल्या भराडी देवीची जत्रा कुठल्याही तिथीला बांधलेली नाही. देवीला कौल लावायचा, तिचा हुकूम घ्यायचा, परंपरेप्रमाणे पारध करायची आणि मग आंगणे मंडळी एकत्र बसून तारीख ठरवतात. ती बहुतेकदा फेब्रुवारीच्या आसपास येते, पण 'बहुतेकदा'च्या भरवशावर तिकीट काढू नका.

नवीन लग्न झालं तेव्हा मीसुद्धा सासूबाईंना विचारलं होतं, "आई, यंदा तारीख कधी?" त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देवीन सांगितल्याशिवाय आमी कशी सांगतलंव?" तेव्हा मला ते उडवून लावल्यासारखं वाटलं. आता पंचवीस वर्षांनी मीही तेच सांगते आणि अगदी मनापासून सांगते. लाखो माणसं, रेल्वे, एसटी, पोलीस, दुकानदार असे सगळे एका वाडीतल्या देवीच्या होकारासाठी थांबून राहतात, हे मला फार मोठं वाटतं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. तारीख जाहीर व्हायच्या आधीच मोबाइलवर ती फिरायला लागते. माझ्या एका नातलगाने अशाच एका मेसेजवर विसंबून रजा टाकली, तिकिटं काढली आणि जत्रेच्या नऊ दिवस आधी कुटुंबासह येऊन उतरला. मेसेज मागच्या वर्षीचा होता. दर्शन निवांत झालं, पण मुलं हिरमुसली ती हिरमुसलीच.

आंगणेवाडीला रात्री दर्शन का थांबवतात?

त्या वेळी 'ताटं लावण्याचा' विधी असतो. आंगणे कुटुंबांतल्या बाया घरोघरी देवीचा प्रसाद रांधतात, तोही एक अक्षर न बोलता. रात्री ती ताटं डोक्यावरून देवळात नेली जातात आणि देवीला नैवेद्य दाखवला जातो. तेवढा वेळ रांग थांबते. लांबून आलेली माणसं कधी कधी कुरकुरतात. पण बाहेर हजारो माणसांचा गलबला आणि आत चुलीपुढे बसलेल्या बाईच्या तोंडून शब्द नाही, हे डोळ्यांपुढे आणा. माझ्या लेखी जत्रेचा गाभा तोच. त्यापुढे दोन-चार तासांचं थांबणं काहीच नाही.

भराडी हे नाव भरडावरून आलं. भरड म्हणजे कातळाची, खडकाळ, उघडी जमीन. देवी तिथे प्रकटली म्हणून ती भराडी.

जत्रा, यात्रा, उत्सव, उरूस हे सगळं एकच का?

बोलताना आम्ही सरमिसळ करतो. पण साधारणपणे गावच्या देवाची वार्षिक रात्र ती जत्रा, लांबून भाविक येतात अशी मोठी ती यात्रा, आणि देवस्थानात पाच-सात दिवस कीर्तन-पालखीसह चालतो तो उत्सव. पिराचा तो उरूस. रत्नागिरीजवळच्या हातिसला पीर बाबरशेख यांचा उरूस भरतो आणि त्यात हिंदू घरं पुढे होऊन राबतात.

शिमगा म्हणजे होळीच ना?

होळी हा शिमग्यातला एक दिवस. रत्नागिरीकडे फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाकपंचमीला, शिमग्याची सुरुवात होते. पोरं ओरडत गवत, लाकडं गोळा करतात, रोज छोटी होळी लागते. मग देवळात देवीची 'रूपं' लागतात. रूपं म्हणजे चांदीचे मुखवटे. एरवी ते मानकऱ्यांच्या ताब्यात कुलपात असतात. ते पेटीतून काढून, घासून-पुसून पालखीत बसवतात, साडीचोळी नेसवतात, दागिने घालतात. त्या क्षणापासून देवी देवळाची राहत नाही, गावाची होते.

मोठ्या होळीसाठी झाड आणतात. कुठे आंबा, कुठे माड, कुठे पोफळ, कुठे सावर. प्रत्येक गावाचं ठरलेलं. झाड तोडून सगळा गाव ते खांद्यावर घेऊन पळवत आणतो, वाटेत फाका, म्हणजे आरोळ्या, घालतो. या फाकांमधले काही शब्द ऐकून पाहुणे चपापतात. ती मोकळीक शिमग्यापुरतीच. वर्षभर ज्या माणसाने मान खाली घालून काम केलं, त्यालाही त्या दिवशी तोंड भरून ओरडायला मिळतं.

होम लागल्यावर पालखी सहाणेवर बसते. सहाण म्हणजे पालखीची ठरलेली जागा, पार किंवा ओटा. मग घरोघर फिरणं आणि शेवटी शिंपणं, म्हणजे रंग. काही गावांत हा सगळा कार्यक्रम गुढीपाडवा ओलांडूनही चालतो.

तेरसे शिमगा आणि भद्रेचा शिमगा यात फरक काय?

काही गावांचा होम त्रयोदशीला लागतो, तो तेरसे शिमगा. काहींचा पौर्णिमेला, तो भद्रेचा. एका गावचा शिमगा बघून लगेच दुसऱ्या गावचा गाठता येतो तो यामुळेच. सुट्टी काढण्याआधी घरच्यांना एवढंच विचारा, "आपला शिमगा तेरसे की भद्रे?" माझ्या माहेरी हे लहान पोरालाही सांगता येतं.

पालखी घरी येते तेव्हा काय करायचं असतं?

आधी अंगण. आदल्या दिवशीच शेणाने सारवायचं, आता लाद्या असतील तर धुऊन काढायचं. रांगोळी घालायची. पाट किंवा चौरंग मांडायचा, तांब्याभर पाणी, निरांजन, हळदकुंकू, तांदूळ, नारळ, खण किंवा साडी तयार ठेवायची.

पालखी कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. 'दुपारी' म्हटलं तरी रात्रीचे दोन वाजतात. लांबून ढोल ऐकू येतो, मग बंद होतो, म्हणजे पालखी खालच्या घरात बसली. पुन्हा सुरू होतो. आई दर वेळी उठून निरांजनात तेल घालायची. शेवटी पाणंदीच्या वळणावर बत्त्या दिसायच्या आणि आम्ही भावंडं झोपेतून धडपडत उठायचो.

अंगणात शिरल्यावर पालखी टेकवत नाहीत, आधी नाचवतात. दोघं जण, एक पुढे एक मागे, दांडा खांद्यावर, कधी डोक्यावर. ढोलाची लय चढत जाते तसे पाय जलद पडतात. पालखी एका बाजूला इतकी कलते की आता पडते असं वाटतं, आणि तिथूनच ती सावरते. भोयांच्या खांद्यावर दांड्याचा लाल वळ उठलेला असतो, वर टॉवेलाची घडी असते. घामाचा, गुलालाचा आणि अबोलीच्या गजऱ्यांचा मिळून एक वास येतो. तो मला मालवणात बसूनही आठवतो. घरातल्या कुणाला पालखी खांद्यावर घ्यायची असेल तर देतात. नवीन जावयालाही देतात आणि मग त्याचे पाय कसे पडतात ते सगळी वाडी बघते.

मग पालखी पाटावर बसते. भोयांच्या पायांवर पाणी घालायचं, देवीची ओटी भरायची, आरती. गुरव किंवा मानकरी घराच्या वतीने गाऱ्हाणं घालतो: कुणाचं लग्न ठरत नाही, कुणाला नोकरी नाही, कुणी आजारी आहे. नवस बोललेला असेल तर फेडायचा. लग्न होऊन आलेली सून पहिल्यांदा ओटी भरते तेव्हा तिचं नाव घेऊन सांगतात, 'ही आता या घरची.' माहेरवाशिणींनाही देवी विसरत नाही. सासरी गेलेल्या लेकी शिमग्याला धावत येतात, त्या यासाठीच.

घर बंद असेल तर पालखी येत नाही का?

येते. आमचे वडील आजारी होते त्या वर्षी आम्ही सगळे मुंबईला इस्पितळात होतो. माहेरचं दार बंद. शेजारच्या काकूंनी आमचंही अंगण सारवलं, रांगोळी घातली. पालखी बंद दारासमोर नाचली, काकूंनी आमच्या नावाने ओटी भरली आणि गाऱ्हाण्यात वडिलांचं नाव घेतलं गेलं. काकूंनी फोन कानाशी धरला होता. ढोल ऐकू येत होता आणि वडील खाटेवर डोळे मिटून ऐकत होते. अनेक गावांत अशी बंद घरं आता दारं उघडी असलेल्या घरांहून जास्त झाली आहेत. तुमचं तसं घर असेल तर शेजारी आधी कळवा, ओटीचं सामान आणि दक्षिणा पाठवा. आणि वर्षाआड का होईना, स्वतः या.

पालखी 'खूण काढते' म्हणजे काय?

चिपळूण-गुहागर भागात हे बघायला मिळतं. मोकळ्या जागेत कुठेतरी नारळ पुरून ठेवतात. पालखी घेतलेले लोक ढोलाच्या तालावर फिरत राहतात आणि पालखी एका जागी थांबते, तिथेच दांडा टेकते. तिथे उकरलं की नारळ निघतो. ती खूण. हे कसं होतं म्हणून मला विचारू नका. मी तीन वेळा समोर उभी राहून पाहिलंय आणि तिन्ही वेळा अंगावर काटा आलाय.

त्याच भागात चिपळूणजवळच्या तेरव गावात होल्टे होम होतो. दोन बाजूंनी माणसं उभी राहून एकमेकांवर पेटती लाकडं फेकतात. बघायचं तर लांबून.

संकासूर, गोमू, नमन-खेळे म्हणजे काय?

पालखीबरोबर किंवा स्वतंत्रपणे खेळे फिरतात. अंगावर काळा झगा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, लांब दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा, हातात फटकारा असा तो संकासूर. लहानपणी आम्ही त्याला बघून पडवीत लपायचो. गोमू आणि राधा म्हणजे बाईच्या वेषातले पुरुष, ते नाचतात. नमन हा रत्नागिरीकडचा लोकनाट्याचा प्रकार: आधी देवांना नमन, मग गण, गवळण आणि पुढे वग. यातले नाचे, मृदंगी दिवसा शेतात किंवा मुंबईत गिरणी-कंपनीत राबणारे. आता त्यांची मुलं नाट्यगृहांतही नमनाचे प्रयोग करतात.

सिंधुदुर्गातला शिमगा वेगळा असतो का?

बराच. इथे पालखी घरोघर फिरण्याचा प्रकार रत्नागिरीइतका सरसकट नाही. मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या मोकळ्या जागेवर, खेळ होतात, रोंबाटं निघतात. रोंबाट म्हणजे सोंगं, चित्ररथ, ढोलताशे घेऊन निघालेला अख्खा गाव. कुडाळ तालुक्यातल्या नेरूरचं रोंबाट मुद्दाम बघायला माणसं येतात, तिथल्या कलाकारांनी उभारलेल्या प्रचंड आकृत्या रात्री मांडावर नाचतात. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात घोडेमोडणी असते, म्हणजे कमरेला घोड्याचं सोंग बांधून नाचतात. वाटेत पोरांनी दोरी आडवी धरून 'शबय, शबय' म्हणून गाडी अडवली तर चिडू नका, दहा-वीस रुपये द्या.

दशावतार रात्रभर चालतो. काही कळेल का?

सगळं कळेल. जत्रेच्या रात्री आधी देवाची पालखी देवळाभोवती प्रदक्षिणा घालते, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला दशावतार सुरू होतो. देवळासमोर मांडव, मागे पडदा, बसायला एक बाकडं. राजाचं सिंहासन तेच, ऋषीचा आश्रमही तोच. बाजूला पायपेटी, मृदंग, झांज.

सुरुवातीला गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येतात. मग संकासूर वेद चोरतो आणि विष्णू त्याला मारतो. हा सगळा पूर्वरंग. संकासूर मालवणीत बोलतो, गावातल्या माणसांच्या फिरक्या घेतो, हसून पोट दुखतं. त्यानंतर खरं आख्यान, रामायण-महाभारत-पुराणातलं. याला लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी कंपनीचा मालक कथा आणि पात्रं ठरवून देतो, संवाद ज्याने त्याने उभ्या-उभ्या करायचे. दोन कसलेले नट समोरासमोर आले की धर्म, नीती, पातिव्रत्य यांवर जो वाद रंगतो, तो ऐकायला म्हातारी माणसं गोधडी घेऊन पुढे बसलेली असतात.

वेळ काढून एकदा रंगपटात डोकावा, अर्थात विचारून. देवळाच्या पडवीत पेटारे उघडे असतात. कुणीही कुणाचा चेहरा रंगवत नाही, प्रत्येक नट छोटा आरसा गुडघ्यावर टेकवून स्वतःच रंग लावतो. मी एकदा पाहिलं, पन्नाशीचा एक माणूस. तळहात कष्टाने भेगाळलेले. त्याने भुवया कोरल्या, टिकली लावली, नऊवारीचा काष्टा घातला, केसांचं गंगावन बसवलं आणि उठून उभा राहिला तो द्रौपदी होऊनच. चालणं बदललं, मान बदलली. बाहेर आल्यावर त्याने जो आक्रोश केला त्याने पुढच्या रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून रडत होत्या.

मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, चेंदवणकर ही जुन्या मंडळांची नावं आजही जत्रेच्या पत्रिकांवर दिसतात. अलीकडे दिवे, धूर आणि युक्त्या वापरलेली 'ट्रिकसीन' नाटकं तरुणांना आवडतात. मला साधं आख्यान आवडतं. पण त्या निमित्ताने पोरं मांडवात बसत असतील तर बसू देत.

पहाटे दहीकाला होतो, हंडी फुटते, दही-पोह्यांचा प्रसाद मिळतो. म्हणूनच जत्रेला इथे 'दहीकालो' असंही म्हणतात.

गाऱ्हाण्यात काय बोलतात ते आम्हाला समजत नाही. आम्ही काय म्हणायचं?

फक्त एकच. गुरव किंवा मानकरी देवासमोर उभा राहून म्हणतो, "बा देवा म्हाराजा, पूर्वापार चालत इल्याप्रमाणे ही लेकरां तुझ्या पायाशी इली हत. जी काय सेवा केली ती मान्य करून घे. काय चुकलामाकला तर पदरात घे, नि लेकराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा!" प्रत्येक वाक्यानंतर सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" जोरात म्हणा. पुटपुटलेलं चालत नाही.

कुणकेश्वर आणि मार्लेश्वर यांपैकी कुठे जावं?

कुणकेश्वर देवगड तालुक्यात, अगदी समुद्राला लागून. महाशिवरात्रीला यात्रा सुरू होते आणि अमावास्येला गावोगावचे देव तरंग-पालख्यांसह तीर्थस्नानाला येतात. तरंग म्हणजे वस्त्रं नेसवलेले देवाचे खांब. देवसुद्धा पाहुणे म्हणून येतात, त्यांच्याबरोबर त्यांचा गाव चालत येतो. पहाटे पुळणीवर ते दृश्य बघण्यासारखं असतं.

मार्लेश्वर सह्याद्रीच्या कुशीत, माझ्या माहेरच्या तालुक्यात, मारळ गावाजवळ. गुहेत देव, समोर धारेश्वरचा धबधबा. संक्रांतीला मार्लेश्वराचं आणि साखरप्याच्या गिरिजादेवीचं लग्न लागतं. खरंखुरं लग्न: मानकरी, मागणी, अंतरपाट, मंगलाष्टका, आहेर. चढाची वाट आहे, गुडघ्यांचं बघून निघा. मी अर्थातच मार्लेश्वर म्हणेन. माहेरचं लग्न ते.

लोटांगणाची जत्रा कुठली?

सावंतवाडी तालुक्यातल्या सोनुर्लीच्या माऊलीची, त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास. नवस फेडायला पुरुष देवळाभोवती लोटांगण घालतात. दिवसभराचा उपवास असतो. वाट मोकळी ठेवा आणि मध्ये उभे राहू नका.

गणपतीला कोकणात नेमकं काय वेगळं असतं?

गणपती इथे घरातला असतो. मुंबईत मंडळाचा मोठा, इकडे चुलत्या-पुतण्यांच्या सामाईक घराच्या माजघरातला. चार बिऱ्हाडं चार गावांहून येतात आणि पाच, सात किंवा अकरा दिवस एका चुलीवर जेवतात.

सिंधुदुर्गात मूर्तीच्या वर माटवी बांधतात. लाकडी चौकटीला आदल्या दिवशी रानातून आणलेलं सगळं टांगायचं: नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, कवंडळं, कांगण्या, हरणाची पिवळी फुलं, शेरवडाची पांढरी पानं, आंब्याचे टाळ. बांधायला केवणीच्या सालीचे दोर. कुठलं फळ कुठल्या बांधावर मिळतं हे ज्याला ठाऊक तो आमच्या घरी माझा दीर. यंदा त्याने आपल्या मुलीला बरोबर नेलं. ती शहरात शिकते, कवंडळ पहिल्यांदाच हातात धरलं तिने. दोन-तीन वर्षांत बाजारात माटवीचं सामान वाट्याने विकत मिळायला लागलंय. अडीनडीला घ्या, पण रानात जाणं सोडू नका.

गौरी तेरड्याच्या रोपांची. रत्नागिरी-रायगडकडे नव्या सुनेचा ओवसा असतो: नव्या सुपांत फळं, पानं, विडा, सुकामेवा मांडून गौरीपुढे ओवसायचं आणि मग ती सुपं सासू, नणंद, मोठ्या जावा यांना द्यायची. त्यांनी त्यात आहेर घालायचा. पावसाचं पूर्वा नक्षत्र चालू असताना गौरी आल्या तरच पहिला ओवसा होतो. माझ्या वहिनीला त्यासाठी दोन वर्षं थांबावं लागलं. काही घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मासे-मटणाचा, नैवेद्य असतो. त्यात खटकण्यासारखं काही नाही. माहेरवाशिणीला जे आवडतं तेच रांधायचं.

रात्री सिंधुदुर्गात भजनं, डबलबाऱ्या (दोन भजनी बुवांचे सामने), फुगड्या. रत्नागिरीकडे जाखडी, एका पायात घुंगरू बांधून गोलात नाचायचं, शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना गाण्यातून सवाल घालतात.

गावपळण खरंच होते का?

होते. आचरा, चिंदर, वायंगणी या मालवण तालुक्यातल्या गावांत काही वर्षांनी देवाचा कौल मिळाला की अख्खा गाव घरं सोडून वेशीबाहेर जातो. आचऱ्याची गावपळण साधारण चार वर्षांनी, तीन दिवस-तीन रात्रींची. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं, सगळी. वेशीबाहेर झापांच्या, म्हणजे विणलेल्या माडाच्या झावळ्यांच्या, राहुट्या उभ्या राहतात, दगडांच्या चुली पेटतात, रात्री भजनं आणि गप्पा. वैभववाडी तालुक्यातल्या शिराळ्यात ती दरवर्षी असते. रिकामा गाव बघायला म्हणून आत शिरू नका. ते तीन दिवस गाव देवाचा असतो.

नारळी पौर्णिमेला मालवणला काय असतं?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बंदी उठली तरी नारळ दिल्याशिवाय समुद्रात जाणं इथल्या माणसाच्या मनाला पटत नाही. मालवणला शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यातून मानाचा नारळ वाजतगाजत किनाऱ्यावर आणून समुद्राला देतात. संध्याकाळी बाजारात नारळ लढवतात: नारळावर नारळ आपटायचा, ज्याचा फुटला तो हरला. कडक कवचाचे नारळ आधीपासून हेरून ठेवणारे तज्ज्ञ असतात.

रायगड-पालघरकडचं काही सांगा.

तिकडे माझं जाणं कमी, म्हणून थोडक्यात. खोपोलीजवळ साजगावला कार्तिकी एकादशीला विठोबाची यात्रा भरते आणि तिथे सुक्या मासळीचा मोठा बाजार असतो, म्हणून त्याला बोंबल्या विठोबा म्हणतात. अलिबागजवळ चौल-भोवाळ्याला दत्तजयंतीची यात्रा. महाडला महाशिवरात्रीच्या वेळी वीरेश्वराचा छबिना, म्हणजे देवाची मिरवणूक. डहाणूजवळ विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेपासून, तिथे आदिवासी बांधव मोठ्या संख्येने येतात.

जत्रेत काय घ्यावं, काय खावं?

खाजं. बेसनाच्या कांड्यांवर आल्या-गुळाचा पाक. घरी पोचेपर्यंत पुडा रिकामा होतो, म्हणून दोन घ्या. खडखडे लाडू, शेंगदाण्याचे लाडू, गरम भजी. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलाकारांचा कळसूत्री बाहुल्यांचा किंवा चित्रकथीचा (चित्रं दाखवत कथा सांगायचा) खेळ कुठे लागला तर थांबून बघा. याच परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

फोटो काढलेले चालतात का?

अंगणातल्या पालखीचे, रोंबाटाचे चालतात. गाभाऱ्यात नाही. कुणाच्या अंगात आलं असेल, तरंगाला अवसार, म्हणजे देवाचा संचार, आला असेल तर मोबाइल खाली. ड्रोन मानकऱ्यांना विचारल्याशिवाय उडवू नका.

तिकीट आणि राहण्याचं काय?

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली तेव्हापासून येणं सोपं झालं, पण गणपतीचं आरक्षण मिळणं सोपं नाही. साध्या गाड्यांचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच बसा. गणपती-शिमग्याला जादा गाड्या आणि एसटी सुटतात. राहायला लॉज भरलेले असतात, ओळखीच्या घरी विचारा. घरी कुणी नाही म्हणत नाही, पण आधी कळवा आणि येताना रिकाम्या हाताने येऊ नका.

मी एकटी बाई. रात्रीच्या जत्रेला यावं का?

यावं. जत्रेत अर्ध्याहून जास्त बायाच असतात, कुणी नातवंडांना मांडीवर निजवून, कुणी शेजारणींचा घोळका करून. देवळाच्या पडवीत त्यांच्याजवळ जाऊन बसायचं. कुठून आलात, कोणाकडच्या, हे विचारतीलच. एक शाल आणा, पौष-माघात पहाटे बोचरी थंडी असते. बॅटरी आणा, मळ्यातून वाट असते. झोप आली तर खुशाल आडवं व्हा, द्रौपदी रडायला लागली की शेजारची उठवेल.